आधी जनावर सांगा

दुबईतल्या देऱ्याच्या बाजारात त्या काळी हुसेनचाचांकडून काडतुसे विकत घेणे हे पासपोर्ट मिळवण्याहून अवघड काम होते. गिऱ्हाईक दुकानात शिरे, काउंटरवर बोट आपटून "दहा दे" म्हणे, आणि चाचा चष्मा कपाळावर चढवून शांतपणे विचारत, "पहले जानवर बोलो." आम्हा मराठी माणसांसाठी हेच वाक्य "आधी जनावर सांगा" असे असे, आणि वाळवंटातून आलेल्या बदूंसाठी ते मोडक्या अरबीत "अव्वल, हैवान!" असे होई. एका बदूने तो शब्द आपल्यालाच उद्देशून आहे असे समजून कमरेच्या खंजिरावर हात नेला होता. चाचा तेव्हाही डगमगले नाहीत. जनावराचे नाव कळल्याशिवाय त्यांनी त्याला काडतूस दिले नाही ते नाहीच.

मुळात बहुतेकांना कोणतेच जनावर मारायचे नसे. लग्नात हवेत बार काढायचे असत. अशा गिऱ्हाइकाकडे चाचा मोठ्या खेदाने पाहत. "हवेला कातडी नाही, हाड नाही. तिला कुठलीही चालेल," असे म्हणून ते सर्वांत जुना खोका पुढे सरकवीत.

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन दुबईत आले होते. खाडीकाठच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे माझे काम होते आणि तिथल्या इंग्रज डॉक्टरांची शिफारस मिळवून पुढे परदेशी शिकायला जायचे, हा माझा बेत होता. माझा धाकटा भाऊ सलीम एका बड्या अरब व्यापाऱ्याची लँड रोव्हर चालवी. त्याच व्यापाऱ्याचे, म्हणजे आमच्या 'अरबाबां'चे, दोर, गळ, कंदील आणि काडतुसे विकणारे ते दुकान. आणि हुसेनचाचा त्या दुकानात अठरा वर्षे उभे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर त्यांचे गाव आमच्या गावाच्या शेजारचे, इथे त्यांची खोली आमच्या खोलीखालची. एवढ्या भांडवलावर ते आमचे चाचा झाले होते.

चाचा माणसांचेही गोळीवरून वर्गीकरण करीत. बँकेतल्या साहेबाबद्दल त्यांचे मत होते, "चरबी फार, हाड कमी. हलकी पुरे." माझ्यासाठी एक स्थळ आले तेव्हा सलीमने त्यांनाच मुलगा पाहायला पाठवले. परत येऊन त्यांनी अहवाल दिला, "सांबर आहे. पान हललं की पळणार." ते स्थळ तिथेच संपले. मला स्वतःला त्यांनी पहिल्याच भेटीत नीट निरखून सांगितले होते, "कातडी पातळ, हाड कठीण. तुला गोळी निवडायची म्हणजे विचार करावा लागेल गो."

त्यांची प्रयोगपद्धती मात्र विज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. मुंबईहून बोटीने मराठी वर्तमानपत्रांचा गठ्ठा येई, तो पंधरा दिवस शिळा असे आणि चार घरांत अक्षर न् अक्षर वाचला जाई. त्यानंतर चाचा तो मागून नेत. आम्हाला वाटे, माणसाला वाचनाची काय आवड आहे! पुढे उलगडा झाला. ते कागद रात्रभर पाण्यात भिजवून रॉकेलच्या डब्यात ठासून भरीत आणि शुक्रवारी गावाबाहेर वाळूच्या टेकडीपाशी नेऊन त्या डब्यांवर गोळ्या झाडीत. मग एकेक पान सोडवून गोळी कुठवर पोचली आणि तिचे टोक किती फुलले, हे पाहणे. "अग्रलेखातच अडकली, ही सशाला. बाजारभावांपर्यंत गेली, ही डुकराला. आणि ही बघ फौजी गोळी, छोट्या जाहिरातींतूनसुद्धा पार. टोक जसंच्या तसं. बिबळ्याला ही मारली तर सुईसारखी आरपार जाईल, आणि तो तासभर जिता राहील. तो तास कुणाचा?"

हा शेवटचा प्रश्न ते नेहमी विचारीत आणि उत्तराची वाट पाहत नसत.

एकदा रुमालात गुंडाळलेल्या चार गोळ्या घेऊन ते थेट प्रयोगशाळेत आले. त्यांना माझ्या रासायनिक तराजूवर वजन हवे होते. मी काचेच्या पेटीतल्या तराजूचे पारडे स्थिर होण्याची वाट पाहत असतानाच डॉक्टर आत आले. "कुठल्या रुग्णाच्या शरीरातून निघाली ही?" त्यांनी विचारले. "अजून कुणाच्या शरीरात गेलेली नाही," मी म्हणाले. गोळी भरली जवळजवळ तेरा ग्रॅम, म्हणजे चाचांच्या भाषेत दोनशे ग्रेन. त्यांनी हा आकडा न मोजताच आधी सांगितला होता. मला त्याचे कौतुक वाटण्याऐवजी थोडा रागच आला. ज्या माणसाला ऊर्जा आणि संवेग यांतला फरक ठाऊक नाही, त्याने असे बरोबर असणे माझ्या शिक्षणाला मानवत नव्हते. शिवाय त्यांचे काही नियम मला निव्वळ अंधश्रद्धा वाटत. "गोळीच्या नाकाला हात लावायचा नाही," हा त्यांपैकी एक. का, असे विचारले की चाचा विषय बदलत.

त्या हिवाळ्यात फुजैराकडच्या डोंगरातून निरोप आला की, एक बिबळ्या वस्तीतल्या शेळ्या मारतो आहे आणि आता दिवसाढवळ्याही दिसू लागला आहे. अरबाबांनी शिकार ठरवली. त्यांची दृष्टी अधू झालेली, म्हणून रायफल त्यांची आणि नेम सलीमचा, असे ठरले. सलीमचे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

चाचांनी दुकानातली सगळी फौजी काडतुसे काउंटरवर मांडली आणि सगळी परत खोक्यात भरली. "यातलं एकही नाही. मऊ टोकाची मुंबईहून मागवली आहेत. बोट आठवड्यानं येईल."

"चाचा, बिबळ्या आठवडाभर थांबेल काय?" सलीम म्हणाला.

"मग तूही थांब. बिनगोळीचा माणूस परवडला रे, चुकीच्या गोळीचा नको."

अरबाब थांबणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी घरातला फौजी काडतुसांचा खोका काढून सलीमच्या हाती दिला, आणि बुधवारी संध्याकाळी सलीम तो खोका घेऊन माझ्यापुढे बसला.

"आपा, तू सायन्सवाली. मऊ टोकाच्या गोळीत आणि हिच्यात फरक काय?"

मी पाच मिनिटांत कागदावर आकृती काढून दिली. आत शिसे, वर तांब्याचे कठीण आवरण. आवरण टोकापर्यंत असल्यामुळे गोळी फुलत नाही. टोकावरचे आवरण काढले तर शिसे उघडे पडेल, आदळताच पसरेल, म्हणजेच गोळी मऊ टोकाची होईल. तर्कात कुठेही फट नव्हती. सलीमने स्वयंपाकघरात बसून कानशीने बारा काडतुसांची टोके शिसे चमकेपर्यंत तासली. मी ती ओळीने लावून पाहिली, सगळी एकसारखी होती. मला माझ्या प्रयोगशाळेचाही इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

गुरुवारी दुपारी सलीम आणि अरबाब गेले. शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, मी चहा घेऊन खाली चाचांच्या खोलीत गेले आणि मोठ्या आढ्यतेने त्यांना सांगितले की, त्यांच्या बोटीची आता गरज राहिलेली नाही.

चाचांनी चहाचा पेला खाली ठेवला. तो कलंडला, तरी त्यांनी पाहिले नाही. ट्रंकेतून त्यांनी एक फौजी गोळी काढली, पक्कडीत धरली आणि करवतीने उभी कापायला घेतली. मी दोनदा काहीतरी बोलले. त्यांनी ऐकले नाही. दोन अर्ध्या झाल्यावर एक माझ्या तळहातावर ठेवली.

"बघ. आवरण कुठं बंद आहे?"

"टोकाला."

"आणि बुडाला?"

बुडाला आवरण नव्हतेच. तिथे शिसे उघडे होते. फौजी गोळी मागून उघडी असते, हे मला माहीत नव्हते. ते पाहण्याची गरजही मला वाटली नव्हती.

"मागून उघडी होती, तू पुढनंही उघडलीस. आता राहिलं काय?"

"नळी," मी म्हणाले. पुढचे त्यांना सांगावे लागले नाही. दारूच्या स्फोटाचा सगळा दाब मागून शिशावर येणार, शिसे पुढून सटकून निघून जाणार, आणि तांब्याची रिकामी नळी रायफलीच्या आतच अडकून बसणार. पहिल्या बाराला काहीच कळणार नाही. दुसरी गोळी त्या अडथळ्यावर आदळेल आणि रायफल जिथे फुटेल, तिथे माझ्या भावाचा चेहरा असेल.

"कधी बसणार आहेत ते?"

"आज. सूर्यास्ताच्या आधी. शेळी बांधून."

चाचांनी टोपी घातली. एक बलुची ड्रायव्हर पिठाची पोती घेऊन डोंगराकडे निघण्याच्या बेतात होता. पोती त्याच्या लॉरीतून बाजारातच उतरली आणि आम्ही चढलो. "तू थांब," चाचा मला म्हणाले होते. "मी त्याची बहीण आहे," एवढेच मी म्हणाले. 

रस्ता असा नव्हताच. वाळूत उमटलेल्या जुन्या चाकांच्या खुणा होत्या आणि वारा त्या पुसत होता. धैद गावाच्या अलीकडे लॉरीचे चाक रुतले. आम्ही तिघांनी मिळून खजुरीच्या झावळ्या घालून ते काढले. त्यात तासाहून अधिक वेळ गेला. मी सारखी हिशेब करीत होते. अंतर, वेग, सूर्याची उंची. प्रत्येक हिशेब जेमतेम जुळत होता आणि प्रत्येकात एक चल राशी माझ्या हातात नव्हती: बिबळ्या किती वाजता येईल.

"पहिल्या बारात बिबळ्या पडला तर?" मी विचारले.

"तर सलीम दुसरा मारणार नाही. आज देवानं नेम दिला तरच तो वाचला." मग बराच वेळ गेल्यावर स्वतःशीच म्हणाले, "पण अर्ध्या गोळीनं बिबळ्या पडत नाही गो."

इतर वेळी लॉरीत चार माणसे भेटली असती तर त्यांनी चारांनाही जनावर विचारले असते. त्या दिवशी ड्रायव्हरने आपण होऊन विचारले, "चाचा, इधर पहाड में कौनसी गोली अच्छी?" चाचा एवढेच म्हणाले, "गाडी तेज चला."

वादीच्या, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीपात्राच्या, तोंडाशी लॉरी थांबली तेव्हा ऊन डोंगराच्या माथ्यावर चढले होते. पुढे दगडगोट्यांतून चालत जायचे होते. चाचा साठीच्या पुढचे. तरी ते माझ्या पुढे होते. वळणावर पोचलो आणि बार ऐकू आला. एकच. त्याचा प्रतिध्वनी दोन्ही कड्यांवरून फिरत राहिला.

चाचा ओरडले, "सलीम! बोल्ट उघड! मारू नको!" त्यांचा आवाज फाटला आणि प्रतिध्वनीत बुडून गेला. वळण ओलांडले तेव्हा सगळे चित्र एकदम समोर आले. डावीकडे खडकाआड अरबाब आणि सलीम. उजवीकडे, शंभर पावलांवर, बांधलेली शेळी. आणि तिच्या वरच्या कातळावर बिबळ्या उभा. त्याला काही झालेले नव्हते. तो आवाजाचा अंदाज घेत होता. सलीमने बोल्ट ओढला, दुसरे काडतूस आत गेले, आणि त्याचा गाल पुन्हा रायफलीला टेकला.

मला ओरडता आले नाही. चाचांचा तर श्वासच संपला होता.

बंदुकीच्या तोंडासमोर उभे राहायचे नाही, ही त्यांची पहिली शिकवण. दुकानातल्या रिकाम्या रायफलीसमोरूनही ते वळसा घालून जात. तेच चाचा उघड्यावर चालत गेले आणि रायफल व बिबळ्या यांच्यामध्ये, बिबळ्याकडे पाठ करून, उभे राहिले.

सलीमने रायफल खाली घेतली. कातळावर आता कुणी नव्हते.

"हुसेन! मजनून हो गया तू?" अरबाबांचा आवाज रागाने कापत होता. "पूरा शिकार बरबाद!"

चाचांनी काही न बोलता सलीमच्या हातून रायफल घेतली, काडतूस बाहेर काढले, बोल्ट सोडवला आणि रायफलीची नळी मावळतीकडे धरून अरबाबांच्या डोळ्याशी नेली. ज्या नळीतून आभाळाचा गोल तुकडा दिसायला हवा होता, तिच्यात काळोख होता. मग त्यांनी सफाईची सळई घालून वरून दगडाने ठोकले. चौथ्या ठोक्याला एक छोटीशी तांब्याची नळी खाली पडली. अरबाबांनी ती उचलली, आरपार पाहिले. ते अडाणी नव्हते. त्यांनी सलीमच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग खिशातून उरलेली काडतुसे काढायला लावली आणि तासलेल्या टोकांवरून अंगठा फिरवला.

"ये किसने घिसा?"

सलीमने माझ्याकडे पाहिले. उत्तर एका शब्दाचे होते आणि त्या शब्दाची किंमत त्याला माहीत होती. पुढच्या बोटीने मुंबई. मी तोंड उघडले.

"मैंने घिसा, अरबाब," चाचा म्हणाले.

"तूने? अठारह साल से सारे बाजार को तू ही बोलता है, नोक को हाथ मत लगाओ!"

"बोलता था. फिर भी घिसा. स्टीमर लेट था."

अरबाबांनी ती तांब्याची नळी चाचांच्या तळहातावर ठेवली.  "खलास, हुसेन," ते म्हणाले. "कल से तू रस्सी बेच. गोली का काम खलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना मी लॉरीत सांगितले की, मी अरबाबांकडे जाऊन खरे काय ते सांगणार. चाचांनी प्रथमच माझ्यावर आवाज चढवला. "आणि मग? तू लिहिलेला आकडा बघून डॉक्टर औषध देतो ना? उद्या लोक म्हणतील, हिनं सख्ख्या भावाच्या हातात फुटकी बंदूक दिली, हिच्या आकड्यावर कोण भरवसा ठेवणार? माझ्या गोळ्यांवर कुणाचं अडलंय? इथं मारायला जनावर तरी उरलंय कुठं!" मला यावर पुष्कळ युक्तिवाद सुचले. खरे सांगायचे तर मला त्यातला एकही करायचा नव्हता. डॉक्टरांची शिफारस मला महिन्याभरात मिळाली.

परदेशी शिकायला निघण्याआधी मी दुकानात गेले. काडतुसांच्या काउंटरवर नवा माणूस होता. तो गिऱ्हाइकाला काही विचारत नसे. दहा मागितली की दहा देई. चाचा मागच्या बाजूला काथ्याच्या वेटोळ्यांमध्ये बसून गलबताच्या एका नाखव्याला दोर मोजून देत होते. एक जुने पठाण गिऱ्हाईक सवयीने त्यांच्याकडेच आले. "चाचा, हिरन के लिये कौनसी?"

"उधर पूछो," चाचा म्हणाले. "मेरा गलत हो जाता है."

पठाण ओशाळून दुसरीकडे वळला. मी वेटोळ्यावर बसले आणि जे त्या डोंगरातच विचारायला हवे होते, ते विचारले. "चाचा, तासलेल्या गोळीचं हे तुम्हाला कुठं कळलं?"

ते दोर मोजत राहिले. एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत, एक वाव. पुन्हा एक वाव.

"धाकटा भाऊ माझा, इब्राहिम. गव्यासाठी दबा धरून बसला होता. बंदूक त्याची, कानस माझी."

"मग?"

"आहे गावाला. दिसत नाही त्याला. बंदूक जुनी होती म्हणून फुटली, असंच समजतो अजून. वीस वर्षं झाली."

"तुम्ही कधी सांगितलं नाही?"

"त्याच्यासमोर धीर होईना. म्हणून तर इकडं आलो. म्हटलं, लांबून पत्रात लिहू." त्यांनी दोराचा पीळ अंगठ्याने सरळ केला. "पण पत्र त्याला त्याची मुलगी वाचून दाखवते गो. तिच्या तोंडून कसं ऐकवायचं?"



"किती झाले, चाचा?" नाखव्याने विचारले.

चाचांनी हातातल्या दोराकडे पाहिले, मग पायाशी पडलेल्या ढिगाकडे. त्यांनी सगळा दोर सोडला, त्याचे टोक शोधून काढले आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.